थरथरणारी गाडी आणि शनिवारचं तेल

बोदवड रस्त्याला, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या केलेल्या एका शेतात त्या शनिवारी सकाळी सत्तावीस गाड्या उभ्या होत्या, आणि सत्ताविसांचीही बॉनेटं उघडी होती. लांबून पाहिलं तर दवाखान्यात रोगी ओळीने आ वासून बसलेत असं वाटावं. फेब्रुवारीचं ऊन, धूळ, झांजांचा कल्लोळ आणि कर्ण्यावरून सगळ्यांना मागे हटवणारा सतत एकच आवाज: ‘बठ्ठा मांगे सरका! बाधा निंघनार शे!’

मांडवावर फलक होता. ‘वाहनबाधा निवारण. श्री तोताराम महाराज. दर शनिवारी.’

पहिला नंबर लखीचंद शेठजींच्या पांढऱ्या गाडीचा होता. शेठजींची जळगावात डाळमिल आहे, घरात तीन पदवीधर आहेत. गाडीला नजर लागू नये म्हणून आले होते; स्वतः चालवत आले, नीट आले. महाराजांचा शिष्य अभिमन बॉनेटखाली वाकला, आत काळा दोरा बांधला आणि गाडी सुरू करायला सांगितली. सुरू होताच गाडी अशी थरथरू लागली की पुढची काच खडखडली.

“दखा! दखा!” महाराज ओरडले. ते धुळ्याकडचे, अहिराणी बोलायचे, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला आपल्या घरचंच कुणी बोलतंय असं वाटावं. “दोरा बांधताच बाधा उघडी पडनी! शेठ, घाबरू नका. गाडी आजारी नही शे. गाडी घाबरेल शे!”

मग त्यांनी डोळे मिटून उजवा हात बॉनेटखाली घातला, काहीतरी पुटपुटले, आणि गाडी गपकन शांत झाली. लोकांनी जयजयकार केला. शेठजींनी डोळे पुसले. खोटं कशाला सांगू, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला.

दुसऱ्याच क्षणी मला स्वतःचा राग आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले. बोदवडच्या जिनिंग फॅक्टरीतल्या इंजिन ड्रायव्हरची मी मुलगी. माझे वडील, आबा, ओसरीवर जेवता जेवता नुसत्या आवाजावरून सांगायचे, “आज इंजिनाला श्वास पुरत नाही.” मग जेवण अर्धं टाकून जायचे, हवेच्या तोंडाशी साचलेला कापसाचा पुंजका काढायचे आणि इंजिन पुन्हा ठेक्यात चालायचं. दसऱ्याला त्या इंजिनाला हार, कुंकू, नारळ सगळं व्हायचं. पण हवेच्या तोंडापाशी कुणी कुंकवाचं बोट नेलं की आबा हात धरायचे. “पूजा बाहेरून. आत फक्त कोरडं फडकं.” त्या माणसाची मुलगी मी, आणि या धुळीत महाराजांच्या रांगेत उभी होते.

का उभी होते, ते सांगते.

माझा भाऊ वीस वर्षांपूर्वी एदलाबादच्या रस्त्यावर जीपच्या अपघातात गेला. तेव्हापासून माझी भावजय सुनंदाबाई गाडीला भिते. तिचा मुलगा नवल, त्याचं जळगावात पाइप-फिटिंगचं दुकान आहे. मीही त्यांच्याकडेच मेहरूणमध्ये राहते. नवलचं आठ महिन्यांपूर्वी लग्न झालं. सून सारिका धुळ्याची. ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. कमी बोलणारी, डोळे उघडे ठेवणारी पोरगी.

लग्न झालं आणि घरची गाडी बिघडली. रस्त्यावर ठीक चालायची, पण सिग्नलला उभी राहिली की थंडी भरल्यासारखी थरथरायची, कधी बंदच पडायची. आणि हे व्हायचं ते सारिका बसली की. सुनंदाबाई नवलबरोबर मंदिरात जाऊन यायची तेव्हा गाडी फार तर जराशी खोकायची. सारिका पुढे बसली की थरथर सुरू. सुनंदाबाईने हे मनात धरून ठेवलं होतं. आधी ती नुसती बघायची. मग एक दिवस म्हणाली, “सारिका, तू उद्यापासून बसने जा.” मग शेजारणींशी बोलताना हळू आवाजात पायगुणाचं निघू लागलं.

शेवटी तिच्या हट्टापायी आम्ही चौघं त्या शेतात आलो, आणि आमचा नंबर आला. महाराजांनी सुनंदाबाईला जवळ बसवून घेतलं. सगळं तिच्याकडूनच काढून घेतलं, आणि तिला वाटलं महाराजांनी ओळखलं.

“माय, घरमा कोनी गाडीखाली गयं का?”

“गेले ना महाराज. याचे वडील.”

“मी दखस ना! आन् आते गाडी कोन बसनं म्हंजे थरथरस?”

सुनंदाबाईची नजर सारिकाकडे गेली. नवल म्हणाला, “आई, राहू दे ना.”

“ती सुनले गाडीमा बसाडा,” महाराज म्हणाले.

अभिमन चालकाच्या जागी बसला. गाडी सुरूच होती, बऱ्यापैकी शांत होती. सारिका शेजारी बसली. “काचा वर! वारं बाहेर निसटाले नको!” महाराजांनी हुकूम सोडला. काचा वर गेल्या, झांजा वाजल्या, आणि गाडी थरथरू लागली. सारिकाला उतरवलं. गाडी शांत. पुन्हा बसवलं. थरथर. तीनदा. गर्दीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नंतर महाराजांनी बॉनेटखाली हात घातला तेव्हा थरथर थांबली.

“मना हात शे तवलोंग थांबी,” ते म्हणाले. “पण मूळ बाहेर काढनं पडी. इले तीन अमावस्या माहेरले ठेवा. नोकरी सोडा, गाडीले शिवाले नको. पुढला शनिवारले शेवटलं बंधन करू, आन् अठून परस्पर धुळाले धाडा.”

सारिका खाली उतरून माझ्या शेजारी उभी राहिली. तिचे कान तेवढे लाल झाले होते.

घरी येताना ती मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसली होती. मला ताईबाई काकू आठवत होत्या. माझी धाकटी चुलती. लग्न होऊन त्या जिनिंगच्या चाळीत आल्या त्याच दिवशी इंजिनाचा पट्टा तुटला. पट्टा जुना होता, आबांनी तो बदला म्हणून मालकाला दोनदा सांगितलं होतं. पण पट्टा तुटला आणि नाव काकूंचं झालं. पुढे चाळीस वर्षं दसऱ्याला सगळ्या बायका इंजिनाला ओवाळायच्या आणि काकू चाळीच्या कठड्याला धरून लांबून बघायच्या. आबांना खरं माहीत होतं. तेही गप्प बसले. मी तेव्हा दहा वर्षांची होते, मोठी झाल्यावर मीही काही बोलले नाही. काकू गेल्या तेव्हा वाटलं, आता कुणाला सांगणार?

घरी पोचल्यावर मी सारिकाला विचारलं, “तुला काय वाटतं?”

“वाटून काय उपयोग, आत्या? तपासलं पाहिजे.” तिने पर्स खाली ठेवली. “कारखान्यात नळी फुटली की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दाब तरी, नाहीतर पाणी. दोन्ही एकदम बदललं तर कळणार काय? मी गाडीत बसते तेव्हा मी एकटीच बदलते, की आणखी काही बदलतं?”

आम्ही दोघी ओट्यावर बसून आठवू लागलो. सुनंदाबाईला एसीचा गारवा सोसत नाही, म्हणून ती असताना काचा उघड्या. नवल एकटा असला तरी पेट्रोल वाचवायला एसी बंद. आणि सारिका बसली की...

“नवल एसी लावतो,” मी म्हणाले.

सारिका पहिल्यांदा हसली. “पहिल्या दिवसापासून. ‘तुला ऊन लागेल’ म्हणतो.”

बिचारा! लाडाने एसी लावायचा, आणि त्या लाडाचाच पुरावा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आम्ही करून पाहिलं. सारिका गाडीत, एसी बंद: गाडी ठीक. सारिका अंगणात, गाडी रिकामी, एसी चालू: थरथर. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. मी नवलला हाक मारून दाखवलं. त्याने डोकं खाजवलं.

“आत्या, पण महाराजांनी हात लावल्यावर थांबते, त्याचं काय?”

“अरे, आधी हे तर बघ!”

“आईला कोण सांगणार?”

मला इतका संताप आला की मी काठी आपटली. ज्याने आठ महिने स्वतःच्या हाताने ते बटण दाबलं, त्यालाच सांगायची हिंमत नव्हती. सुनंदाबाईने तर बघायलाच नकार दिला. “अक्का, तुमचं सगळं खरं. पण मी एक माणूस गाडीत घालवलंय. दुसरं नाही घालवणार.” आणि आत जाऊन सारिकाची बॅग माळ्यावरून काढून ठेवली.

भीतीला मी रागावू शकत नाही. ज्यांनी त्या भीतीचं दुकान मांडलंय, त्यांचा राग येतो.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा त्या शेतात गेलो. बॅग डिकीत होती. आदल्या दिवशी मी नवलला बजावलं होतं, “गाडीला कुणाला हात लावू देऊ नकोस, दुरुस्तही करू नकोस. जशी आजारी आहे तशीच ने.” सारिकाच्या पर्समध्ये तपकिरी चिकटपट्टी होती आणि साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली.

आमचा नंबर आला. अभिमन चालकाच्या जागी बसायला निघाला तशी मी पुढे झाले.

“महाराज, म्हातारीचं एक मागणं आहे. मला पुढे बसू द्या. सून मागे बसेल. बाधेला पुढचं-मागचं थोडंच कळतं?”

गर्दी हसली. महाराजांना नाही म्हणता येईना. मी अभिमनच्या शेजारी बसले. काचा वर गेल्या, झांजा वाजल्या, आणि त्याच्या डाव्या हाताचं बोट हळूच एसीच्या बटणाकडे सरकलं. मी माझा हात त्यावर ठेवला.

“काय रे, उकडतंय का?”

“आजी, हात काढा.”

“तू काढ. सारिका, पट्टी दे.”

बटणावर मी पट्टी चिकटवली आणि काच खाली करून बाहेर ओरडले, “महाराज, सून आत बसलीय. गाडी बघा!”

गाडी शांत होती. थोडा फटफट आवाज, पण थरथर नाही. झांजा वाजतच राहिल्या. महाराज म्हणाले, “आज बाधा दपेल शे.”

“दपलीय का? मग शोधू. सारिका, उतर आणि त्या बाभळीपाशी जाऊन उभी राहा. सुनंदा, तू ये. बस.”

“मी कशाला?”

“ये म्हणते ना.”

सुनंदाबाई आली, भीत भीत मागे बसली. सारिका चाळीस पावलांवर बाभळीखाली उभी होती. मी पट्टी काढली, बटण दाबलं. गाडी अशी हलली की सुनंदाबाईने सीट गच्च धरली.

बाहेर झांजा थांबल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, मग तर सासूच पांढऱ्या पायाची निघाली!”

सगळं शेत हसलं. मला सुनंदाबाईचा चेहरा आरशात दिसला. ती हसली नाही, रडलीही नाही. आठ महिने तिने दुसरीच्या अंगावर टाकलेला शब्द पहिल्यांदा तिच्या अंगावर पडला होता. मी लगेच बटण बंद केलं आणि मोठ्याने म्हणाले, “कुणीच पांढऱ्या पायाचं नाही! इंजिन अशक्त झालंय. एसी लावला की त्याच्यावर ओझं पडतं, आणि उभं असताना त्याला ते पेलवत नाही. माझ्या घरची सून बसली की एसी लावतात, एवढंच.”

“आन् मना हात?” महाराजांनी आवाज चढवला. “हात लावताच गाडी गप व्हस, हाई बठ्ठासनी दखेल शे!”

“तेच बघायला आलोय,” सारिका म्हणाली. ती बाभळीपासून चालत आली होती. तिने साबणाच्या पाण्याची बाटली काढली. “कारखान्यात मी नळीची गळती अशी शोधते. फवारते, आणि फेस काय करतो ते पाहते.”

सुरू असलेल्या गाडीत तिने नळ्यांवर एकेक करून फेस मारला. फेस तसाच राहत होता. मग एका बोटभर जाडीच्या रबरी नळीच्या वाकणाशी फेस पडला आणि गपकन आत ओढला गेला. तिथे भेग होती. सारिकाने तिच्यावर अंगठा दाबला. फटफट थांबली. अंगठा काढला. फटफट. पुन्हा दाबला. शांत.

“या भेगेतून चोरून हवा आत जाते,” ती म्हणाली. अंगठा तिने भेगेवरच ठेवला होता. “गाडी मोजलेल्या हवेच्या मानाने पेट्रोल सोडते. चोरून आलेल्या हवेला पेट्रोल मिळत नाही, म्हणून इंजिन धापा टाकतं. महाराजांचा हात गेल्या शनिवारी इथेच होता. माझ्याही अंगठ्यात तेवढीच सिद्धी आहे.”

लखीचंद शेठजी गर्दीत होते. त्यांच्या गाडीची बाधा आठवड्यात परत आली होती. ते तावातावाने पुढे आले. “थांबा, थांबा! माझी गाडी तर इथे नीट आली होती! दोरा बांधल्यावर बिघडली!” त्यांनी गाडी सुरू करून बॉनेट उघडलं; ती थरथरत होती. सारिकाने काळा दोरा शोधला. दोऱ्याच्या खालीच एक नळी तोंडातून निम्मी बाहेर ओढलेली होती. तिने ती आत दाबून बसवली. गाडी शांत.

शेठजींनी अभिमनची कॉलर धरली. “आधी कुठे होतास रे?”

“धुळ्याला,” तो पुटपुटला. “गॅरेजमध्ये.”

तोपर्यंत महाराज मांडवाच्या मागच्या बाजूने निघून गेले होते. कर्णा मात्र चालूच राहिला. ध्वनिमुद्रित आवाज सांगत होता, ‘बठ्ठा मांगे सरका.’

आम्ही तिथून थेट मेहरूणला प्रेमराजच्या गॅरेजवर गेलो. प्रेमराजने बॉनेट उघडलं आणि डोक्याला हात लावला.

“नवलभाऊ, हा बाहेरचा हवेचा फिल्टर कधी बसवला?”

“लग्नाच्या आठवड्यात. वरातीत इंजिनाचा आवाज भारी यावा म्हणून. मित्र म्हणाले.”

ऐकलंत? सून आणि फिल्टर एकाच आठवड्यात घरात आले, आणि आठ महिने आम्ही सुनेकडे बघत राहिलो. फिल्टरबरोबर आलेल्या लांब नळीला जोडण्यासाठी ती लहान रबरी नळी ताणली होती, म्हणून वाकणाशी फाटली. हे एक झालं. दुसरं त्याहून वाईट होतं. प्रेमराजने फिल्टर काढून पुढे धरला. सुती घड्यांचा तो शंकू, चिकट, तांबूस, धुळीने माखलेला. त्याने वास घेतला.

“हे गोडंतेल आहे. आणि हे लाल काय, शेंदूर?”

सुनंदाबाई चाचरत म्हणाली, “दुकानदाराने सांगितलं होतं, फिल्टर धुऊन तेल द्यावं लागतं. म्हटलं द्यायचंच तर मारुतीच्या पायाचं द्यावं. दर शनिवारी वाटीत उरलेलं आणून घालत होते. नवलला सांभाळ म्हणून.”

प्रेमराज हसला नाही, हे त्याचे उपकार. “काकू, याचं तेल वेगळं असतं. तेही सहा महिन्यांनी, धुऊन सावलीत पूर्ण वाळवल्यावर, घडीघडीला थेंब थेंब. तुमचं तेल आत ओढलं गेलं आणि हवा मोजणाऱ्या तारेवर बसलं. केसासारखी तार. ती आंधळी झाली तर गाडीला कळणार कसं, श्वास किती घेतला?”

मला आबा आठवले. पूजा बाहेरून, आत फक्त कोरडं फडकं. मी सुनंदाबाईच्या घरातच राहते, शनिवारी ती वाटी घेऊन अंगणात जायची ते मी खिडकीतून पाहिलं होतं. गाडीला गंध लावत असेल म्हणून सोडून दिलं. माझाही दोष आहे, तो लिहून ठेवते.

प्रेमराजने फिल्टर आतून बाहेर धुतला आणि सावलीत टांगला. तारेवर औषधाचा फवारा मारला, बोट लावू दिलं नाही. रबरी नळी बदलली, पट्ट्या आवळल्या. दुसऱ्या दिवशी वाळलेला फिल्टर बसवला.

हे सगळं लिहिण्याचं कारण एवढंच की पुढच्या शनिवारी मी मुद्दाम रिक्षाने त्या शेतापाशी गेले. महाराज नव्हते, पण दुसरा कुणी तोच फलक लावून बसला होता. एकोणीस गाड्या होत्या. बॉनेटं उघडी. मी रिक्षातून उतरलेच नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी किती शेतांमध्ये जाऊन ओरडायचं?

म्हणून इथे सांगते. मारुतीला तेल घाला, गाडीला हार घाला, मी अडवणार नाही. पण यंत्र बिघडलं तर यंत्र उघडा. एका वेळी एक गोष्ट बदला आणि पुन्हा पाहा. आणि कुणी तुमच्या घरातल्या बाईकडे बोट दाखवलं, तर आधी त्याचं दुसरं बोट कुठल्या बटणावर आहे ते बघा.

डिकीतली बॅग तशीच माळ्यावर गेली. सुनंदाबाईने सारिकाची माफी मागितली नाही. आमच्या पिढीला ते शब्द येत नाहीत, आणि मला त्याचीही चीड येते. पण परवा कारखान्यात जाताना सारिका स्वतः गाडी चालवत होती, नवल आणि मी मागे, आणि सुनंदाबाई हट्टाने पुढे बसली होती. एसी चालू. इच्छादेवी चौकात सिग्नल लागला. गाडी थांबली. सुनंदाबाईने दोन्ही हातांनी सीट धरली आणि वाट पाहू लागली. काहीच झालं नाही.

“बंद पडली का गं?” तिने विचारलं.

“नाही, आई. चालूच आहे.”

सुनंदाबाईने हळूहळू हात सोडले, अंगावर पदर ओढून घेतला आणि म्हणाली, “असू दे एसी. तुला ऊन लागतं.”